डंपरच्या बदल्यात

मागच्या मे महिन्यात संगमनेरकडच्या एका वाचनालयातून फोन आला. ग्रंथपालबाई ओळखीच्या. म्हणाल्या, "ताई, आमच्याकडे निर्लेखन चाललंय. बालविभागाच्या कपाटातून रशियन पुस्तकांचा एक गठ्ठा निघालाय. तुम्ही मागे कुठलं तरी विचारत होतात ना? देनिस का कोण?"

मी तेव्हा कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. त्यानंतर किती झाल्या ते कळलं नाही. भाताचा गाळ झाला.

निर्लेखन हा शब्द वाचनालयाशी संबंध आलेल्यांनाच ठाऊक असतो. फाटलेली, वाळवी लागलेली, वर्षानुवर्षं कुणी घरी न नेलेली पुस्तकं नोंदवहीतून कमी करायची, आत शिक्का मारायचा आणि रद्दीच्या वाटेला लावायची. कपाटं कमी, पुस्तकं जास्त, त्यामुळे हे करावंच लागतं. तरी तो शब्द ऐकला की मला पोटात कसंतरी होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेले. गठ्ठा सुतळीने बांधून टेबलाखाली सरकवला होता. वरून चौथं पुस्तक 'देनिसच्या गोष्टी'. मूळ लेखक व्हिक्टर द्रागुन्स्की, अनुवाद अनिल हवालदार, छपाई मॉस्कोची.

पाठीवरचं कापड सुटलं होतं, आतली शिवण मात्र शाबूत. मागच्या पुठ्ठ्याला तारखांची चिठ्ठी चिकटवलेली. पहिल्या दोन वर्षांत पोरांनी अक्षरशः फडशा पाडलेला दिसत होता, तारखांवर तारखा, एकमेकींवर चढलेल्या. मग त्या विरळ होत गेल्या. शेवटची तारीख १९९४ च्या जूनमधली. म्हणजे तीस वर्षं हे पुस्तक त्या कपाटात नुसतं उभं होतं, आणि मी ते पुण्यात, नाशकात, मुंबईच्या फुटपाथांवर, कुणाकुणाच्या माळ्यांवर शोधत होते. माझ्या घरापासून दीड तासावर.

ज्यांचं बालपण सत्तर-ऐंशीच्या दशकात गेलं त्यांना या पुस्तकांबद्दल वेगळं सांगायला नको. जाड कागद, घट्ट बांधणी, मध्येच रंगीत चित्र, आणि किंमत अशी की मास्तरांच्या पगारातही परवडावी. सोव्हिएत सरकार खर्च सोसायचं म्हणून ती स्वस्त होती, हे कळायला आम्हाला कॉलेज उजाडलं. 'प्रगती', 'रादुगा', 'मीर' या मॉस्कोच्या प्रकाशनसंस्थांची नावं आम्ही घरातल्या काकालोकांसारखी घ्यायचो. लोकवाङ्मय गृह ती पुस्तकं इथे आणायचं, गावोगाव प्रदर्शनं भरायची. 'सोव्हिएत देश' मासिकाच्या गुळगुळीत पानांची कव्हरं आमच्या वह्यांना असायची. गणिताच्या वहीवर ट्रॅक्टर चालवणारी हसरी बाई, भूगोलाच्या वहीवर धरण. १९९१ मध्ये तो देशच उरला नाही आणि पुस्तकं यायची थांबली, नळाचं पाणी जावं तशी. आता जुन्या प्रती कुणाकडे निघाल्या की त्यांचे फोटो फिरतात, हळहळ होते, 'झेरॉक्स तरी द्या' म्हणून विनवण्या होतात. मराठीतल्या या पुस्तकांवर काही उत्साही मंडळींनी माहितीपटसुद्धा केला आहे. मला या सगळ्या हळहळीचा थोडा कंटाळा येतो, हेही सांगून टाकते. 'तेव्हाची पुस्तकं काय होती!' असं म्हणणाऱ्या दहांपैकी आठांना त्यातली एक गोष्ट धड सांगता येत नाही. वास मात्र सगळ्यांना आठवतो.

मला गोष्ट आठवत होती. निदान तसा माझा समज होता.

आमचं घर राजूरला. अकोले तालुका, भंडारदऱ्याच्या वाटेवरचं गाव. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, शाळा आत डोंगरात. बाबा नाशकात नोकरीला, शनिवारी रात्री यायचे, सोमवारी पहाटे जायचे. घरात मी आणि आजी. १९८५ च्या उन्हाळ्यात बाबांनी नाशकातल्या एका प्रदर्शनातून हे पुस्तक आणलं. मी नऊ वर्षांची होते. देनिस माझ्याहून थोडा लहान, मॉस्कोत राहणारा, आणि त्याची अक्कल माझ्याहून कमी आहे हे मला पहिल्याच गोष्टीत कळून चुकलं होतं.

ती पोराच्या व्यवहारशून्यतेची गोष्ट होती. देनिसकडे नवाकोरा डंपर आहे, बाबांनी दिलेला. त्याचा मित्र मीश्का येतो आणि त्याला तो डंपर हवासा वाटतो. आधी विचारपूस करतो, मग मागतो, मग सौदा सुरू. एक ग्वाटेमाला आणि दोन बार्बाडोस देतो म्हणतो, म्हणजे पोस्टाची तिकिटं. या दोन देशांची नावं मी भूगोलात नाही, इथे पहिल्यांदा वाचली. देनिस नाही म्हणतो. मग मीश्का पोहायची रबरी रिंग देऊ करतो. ती फुटकी असते. चिकटव, म्हणे. आणि पोहू कुठे, देनिस विचारतो, न्हाणीघरात? दर मंगळवारी? मग मीश्का उदारपणाचा आव आणून एक काड्यापेटी पुढे करतो. आत काजवा. आणि हा वेडा पोरगा अख्खा डंपर, कायमचा, देऊन टाकतो. एका काजव्यासाठी!

आता हे राजूरच्या पोरीने वाचायचं म्हणजे काय, ते समजून घ्या. आमच्याकडे रोहिणी लागल्या की काजवे ढिगाने. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर, झाडंच्या झाडं लुकलुकायची. एका झाडावरचे सगळे एकदम पेटायचे, एकदम विझायचे, जसं कुणी बटण दाबतंय. आम्ही ते काड्यापेटीत भरायचो, कपाळाला चिकटवायचो, मच्छरदाणीत सोडायचो. सकाळी मेलेले असायचे. हल्ली त्याच काजव्यांसाठी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते, लोक पैसे मोजून तंबूत राहतात. पण १९८५ मध्ये राजूरला काजव्याची बाजारातली किंमत शून्य होती. डंपरची मात्र फार होती. गावात खेळण्यातला डंपर एकाच घरी होता, आमच्या शेजारच्या. पिवळा, पत्र्याचा, मागचा हौदा दांडीने उचलला जाणारा. तो शेजारचा मुलगा माझ्याच वर्गात.

तर मी देनिसच्या उलट केलं. दिवाळीच्या सुट्टीत 'देनिसच्या गोष्टी' दिलं आणि डंपर घेतला. देनिसला जे जमलं नाही ते मला जमलं, अशा थाटात. शनिवारी बाबा आले, ओट्यावर मला माती भरताना पाहिलं आणि विचारलं, "हा कुणाचा?" मी सांगितलं. ते थोडा वेळ उभे राहिले. म्हणाले, "बरोबरीचा सौदा झाला का?" मी म्हटलं, "हो." ते हातपाय धुवायला आत गेले.

डंपर संक्रांतीपर्यंत टिकला. मागचा आस तुटला. पुस्तक परत मागायला गेले तर ते त्याच्या मावशीच्या गावी गेलं होतं. तिथून ते परत आलं नाही.

संगमनेरहून परत येताना गाडीत खिडकीची जागा मिळाली होती आणि मी पुस्तक पिशवीतून बाहेर काढायचं टाळत होते. चाळीस वर्षांनी भेटणाऱ्या माणसाला स्टँडवर ओळखू की नाही, तशी धाकधूक. शेवटी अर्ध्या वाटेत उघडलंच. आणि काजव्याची गोष्ट सुरू केली तर डंपर येईचना.

गोष्ट सुरू होते ती वाट पाहण्याने. देनिस अंगणात वाळूच्या ढिगापाशी बसला आहे. संध्याकाळ झाली आहे. आई यायची आहे. उशीर का झाला असेल याची तो मनाशी यादी करतो: संस्थेत काम निघालं असेल, नाहीतर दुकानात अडकली असेल, नाहीतर बसच्या थांब्यावर ताटकळत उभी असेल. सगळ्यांचे आईबाप आले. सगळी पोरं घरी चहा प्यायला गेली. खिडक्यांतले दिवे लागले, कुठेतरी रेडिओ वाजतोय, आभाळात ढग सरकतायत, दाढीवाल्या म्हाताऱ्यांसारखे. त्याला भूक लागली आहे. आणि तो म्हणतो (मी माझ्या शब्दांत सांगते) की मला जर कळलं असतं, आई जगाच्या टोकाला कुठेतरी उपाशी बसून माझी वाट पाहतेय, तर मी लगेच धावत गेलो असतो, तिला वाळूत बसून कंटाळू दिलं नसतं.

यातलं एक अक्षर मला आठवत नव्हतं. चाळीस वर्षं मी ही गोष्ट लोकांना सांगत आले. माझ्या मुलाला सांगितली, भाचरांना सांगितली, एका शाळेत गोष्टींच्या तासाला सांगितली. दर वेळी सुरुवात मीश्कापासून. "एक मुलगा होता, त्याच्याकडे एक भारी डंपर होता." वाळूतला तो एकटा अर्धा तास मी कात्रीने कापावा तसा कापून टाकला होता, आणि कापल्याचंही लक्षात नव्हतं.

बरं, हे लक्षात न राहण्यासारखं होतं का? मीही रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर तशीच बसलेली असायचे. आईची गाडी सातच्या सुमाराला यायची. पावसाळ्यात कधी आठ, कधी रस्त्यावर झाड पडलं तर त्याहून उशीर. आजी आत चुलीपाशी, मी बाहेर. गाडीचे दिवे वळणावर दिसले की भिंतीवर एक पट्टा सरकायचा. तो दिसला की स्टँडपर्यंत गाडी आली असं समजायचं. तिथून आमचं घर दोन मिनिटांवर. पण आई दोन मिनिटांत कधीच यायची नाही. मी शंभर मोजायचे, मग पुन्हा शंभर. कदाचित म्हणूनच तो भाग मी गोष्टीतून काढून टाकला असेल. घरी होतं तेच पुन्हा पुस्तकात कोण वाचणार? पुस्तकात मला डंपर हवा होता.

दुकानात अडकली असेल, हे वाक्य तेव्हा डोळ्यांखालून गेलं असणार. आता वाचताना तिथे रांग दिसते. मॉस्कोतलं दुकान आणि उशीर म्हटलं की रांग आलीच, पण पोराच्या तोंडी तो शब्द नाही, त्याची गरजही नाही. त्याच्या दृष्टीने दुकान ही आई अडकण्याची जागा आहे, एवढं पुरे.

मग मीश्का येतो, सौदा होतो. काड्यापेटी उघडल्यावर देनिसला आधी काहीच दिसत नाही. मग फिकट हिरवा उजेड. खूप खूप लांब एक इवलासा तारा जळतोय आणि तरी तो आपल्याच हातात आहे, असं त्याला वाटतं. नाकात चुरचुरतं, रडू येईलसं होतं. आई येते, दोघं घरी जातात, चहा पितात. मूळ गोष्टीत चहाबरोबर बुब्लिक आणि ब्रिंझा आहे, म्हणजे कड्यासारखा गोल पाव आणि खारट चीज. मी लहानपणी तिथे बिनदिक्कत खारी आणि बटर घालून टाकलं होतं. आई विचारते, डंपर काय म्हणतोय? तो सांगतो. आई दिवा मालवते, दोघं अंधारात बसून बघतात. मग दिवा लावून ती विचारते की हे जादूसारखंच आहे, पण एवढी मोलाची वस्तू या किड्यासाठी कशी काय दिलीस? तो म्हणतो, मी तुझी इतका वेळ वाट बघत होतो, मला इतकं कंटाळवाणं झालं होतं, आणि हा काजवा जगातल्या कुठल्याही डंपरपेक्षा चांगला निघाला. कशात चांगला? ती विचारते. आणि तो चिडून सांगतो: तुला कसं कळत नाही? तो जिवंत आहे! आणि चमकतो!

गाडी वळणावर करकचून थांबली तेव्हा मी भानावर आले.

घरी आल्यावर एक वेगळाच किडा डोक्यात शिरला. काड्यापेटीतला काजवा असा संथ, सलग उजेड कसा देतो? आमचे काजवे तर लुकलुकतात. शोधाशोध केल्यावर कळलं की तिकडे सर्रास आढळणारा काजवा वेगळा. त्यातल्या मादीला पंखच नसतात. ती अळीसारखी दिसते, म्हणूनच देनिसच्या आईच्या तोंडी किडा आला असणार. उन्हाळ्याच्या रात्री ती गवताच्या काडीवर चढते, पोटाखालचा दिवा लावते आणि बसून राहते. तो दिवा उघडझाप करत नाही, नुसता जळतो. पंख असलेला नर वरून उडत येतो आणि उजेड बघून खाली उतरतो. तोवर ती काही खात नाही. मोठी झाल्यावर तिला खायचंच नसतं, लहानपणी गोगलगाई खाऊन साठवलेलं तेवढंच पुरवायचं. द्रागुन्स्कीला हे सगळं ठाऊक होतं की नाही कुणास ठाऊक. पण वाळूत उपाशी बसलेल्या पोराच्या हातात मीश्काने नेमका कोण आणून दिला होता, ते कळल्यावर मी पुस्तक दोन दिवस उघडलं नाही.

हा द्रागुन्स्की माणूस मोठा गमतीचा. रशियन लेखक म्हणावं तर जन्म न्यूयॉर्कचा, १९१३ चा. आईबाप आजच्या बेलारूसमधल्या गोमेलचे, पोट भरायला अमेरिकेत गेलेले आणि वर्षभरातच परतलेले. पोरवयात त्याने कारखान्यात लेथवर उमेदवारी केली, घोड्यांची खोगिरं-लगाम शिवले, नदीवर नाव चालवली. मग नट झाला, सर्कशीत विदूषक झाला, युद्धात मॉस्कोच्या नागरी सेनेत गेला, नंतर विडंबनाचे कार्यक्रम करणारी नाटकमंडळी चालवली. देनिसच्या गोष्टी लिहायला लागला तो १९५९ च्या सुमारास, पंचेचाळिशीत. देनिस हे त्याच्या मुलाचं नाव. १९७२ मध्ये तो वारला. मुलगा पुढे स्वतः लेखक झाला.

सर्कस त्याच्या गोष्टींत दिसते, पण मला वाटतं ती कसरतीत नाही, मोजमापात दिसते. हसू कुठे आणायचं आणि कुठे पायाखालची फळी काढून घ्यायची, हे त्याला नेमकं माहीत आहे. रव्याच्या खिरीची गोष्ट घ्या. आई म्हणते खीर संपवलीस तर क्रेमलिन बघायला नेते. देनिस तीत मीठ घालतो, साखर घालतो, पाणी घालतो, शेवटी एक झणझणीत तिखट चटणी ओततो आणि मग सगळं खिडकीबाहेर रस्त्यावर. थोड्या वेळाने दारात पोलीस, आणि त्याच्याबरोबर डोक्यावरच्या टोपीसकट खिरीत न्हालेला एक गृहस्थ, फोटो काढायला निघालेला! रव्याचा शिरा समोर आला की मी अजून एकदा खिडकीकडे बघते.

आणि ती 'श'ची गोष्ट. अंगणात नववर्षाचं फरचं झाड आणलेलं असतं, त्याला लागलेली शंकूसारखी फळं पोरं बघतात. रशियनमध्ये त्यांना 'शिश्की' म्हणतात. अल्योन्काचा दात पडलेला, ती म्हणते 'सिस्की'. मीश्का तिला हसतो, शिकवायला जातो आणि म्हणतो 'हिह्की'. दोघं भांडतात. देनिस दोघांना हसून सांगतो, एवढं सोपं तर आहे, 'फिफ्की'! रशियन शिकलेल्या एका मैत्रिणीने मला ही मूळ उच्चारांसकट म्हणून दाखवली तेव्हा आम्ही दोघी पन्नाशीच्या बाया हॉटेलात एवढ्या हसलो की वेटर पाणी घेऊन आला. ज्या भाषेत 'शाळे'ला 'साळा' म्हणायचं की नाही यावरून माणसाची इयत्ता ठरते, त्या भाषेच्या पोरांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

शेजारचा तो मित्र अजून राजूरलाच आहे. काजव्यांच्या दिवसांत पर्यटकांना जीपमधून फिरवतो. पुस्तक मिळाल्याचं त्याला फोनवर सांगितलं. मला वाटलं, डंपरची आठवण काढेल. तो म्हणाला, "त्यात ते अस्वल आहे ना गं?"

अस्वल आहे. देनिसला मोठं होऊन मुष्टियोद्धा व्हायचं असतं. ठोसे मारायची पिशवी महाग, बाबा नाही म्हणतात. आई जुन्या खेळण्यांतून त्याचं कापडी अस्वल काढून देते, पोट कसं गुबगुबीत आहे बघ, पिशवीपेक्षा काय वाईट? देनिस ते सोफ्यावर बसवतो. त्याचे दोन डोळे दोन तऱ्हेचे. एक मूळचा पिवळा, दुसरा उशीच्या अभ्र्याचं पांढरं बटण. तो ठोसा मारायला सरसावतो आणि त्याला आठवतं की याला आपण खीर भरवायचो, झोपवायचो, कानात गोष्टी सांगायचो. रडू खाली येऊ नये म्हणून तो छताकडे बघत राहतो. आईने विचारल्यावर एवढंच सांगतो की विचार बदलला, मुष्टियोद्धा व्हायचं नाही.

"मी तेव्हा तालमीत जात होतो," मित्र म्हणाला. "ते वाचलं आणि आठ दिवस गेलो नाही. वस्तादांनी घरी येऊन आणलं." मग थोडं थांबून, "पुस्तक मावशीकडं गेलं नव्हतं. मीच तसं सांगितलं होतं. दोन-तीन वर्षं होतं माझ्याकडं. मग एका पावसात भिजलं."

मी काय बोलणार? सौदा तर झालेला होता.

आई आता माझ्याकडेच असते. शहात्तर वर्षांची. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण बारीक अक्षर वाचायचा कंटाळा करते. वाचून दाखवलेलं आवडतं. जूनमधल्या एका संध्याकाळी, पाऊस पडून गेल्यावर, मी तिला काजव्याची गोष्ट वाचून दाखवली. या वेळी पहिल्या ओळीपासून.

तिने मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. संपल्यावर म्हणाली, "त्याला डंपर परत मिळाला का?"

"नाही."

"बापाने आणलेला होता ना? मग बाप आल्यावर काय म्हणाला?"

"ते गोष्टीत नाही, आई."

"घालायला हवं होतं." तिने चष्मा काढून पदराने पुसला. "आणि ती बाई कुठे होती तेही नाही सांगितलेलं. पोरगं आपलं तीन-तीन कारणं काढतंय."

"उशीर झाला असेल कशाने तरी."

"झाला नसेलही," आई म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं.

"मी स्टँडवर उतरायचेच नाही गं," ती म्हणाली. "अलीकडे तो ओढ्यावरचा पूल आहे ना, तिथे कंडक्टरला घंटी मारायला सांगायचे. ठरलेलं होतं. मग चालत यायचे. वीसेक मिनिटं लागायची."

"का?"

"का म्हणजे? दिवसभर चाळीस पोरं. घरी आल्यावर तू, सासूबाई, चूल, दुसऱ्या दिवसाचं टाचण. मधली तेवढी वीस मिनिटं." ती हसली. "पुलाच्या कठड्यावर टेकायचे जरा. शेंगदाण्याची पुडी असायची. काजव्यांच्या दिवसांत तर उठवतच नसे."

मी ओट्यावर शंभर मोजत होते. भिंतीवरून दिव्यांचा पट्टा सरकला की शंभर, आणि मग पुन्हा शंभर. गाडी स्टँडवर रिकामीच जाऊन थांबलेली असायची.

"दोन पुड्या घ्यायचे मी," आई म्हणाली. "एक तुझ्यासाठी. पण खरं सांगू? घर येईपर्यंत उरायची नाही."

बाहेर पागोळ्या गळत होत्या. तिने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला, पुस्तक माझ्या हातातून घेतलं, निर्लेखनाचा शिक्का अंगठ्याने उगाच घासून पाहिला आणि परत दिलं.

"ते रव्याच्या खिरीचं म्हणालीस ना," ती म्हणाली, "ते वाच आता."